गाडीची बदनामी

रविवारी सकाळी पलीकडून धप धप असा आवाज सुरू झाला की मी हातातलं काम टाकून अंगणात पळायचे आणि दोरीवरचे कपडे गोळा करायचे. बोरकुटे काका त्यांच्या गाडीचा एअर फिल्टर आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर आपटत असायचे. भिंत सामायिक होती, धूळ मात्र एकटीची होती, माझी. एका उन्हाळ्यात मी कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि काकांना नेमका त्याच दिवशी मुहूर्त सापडला.

“काका, इकडे कुरड्या आहेत,” मी ओरडले.

“मालूम आहे मले. झाकून ठेव ना वं. गाडीचं नाक साफ करून राहिलो मी. तुयं नाक चोंदलं तं तू जिना चढशील काय?”

नाकाचा विषय निघाला की वाद घालण्यात अर्थ नसे. काकांचं शास्त्र ठरलेलं होतं. गाडी दोनच कारणांनी म्हातारी होते, श्वास कोंडला की आणि वजन वाढलं की. बाकी सगळे मेकॅनिक लोकांचे धंदे. हिंगण्याच्या एका पंख्यांच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं होतं. म्हणजे यंत्र त्यांनी कधी चालवलं नव्हतं, दुरुस्तही केलं नव्हतं. यंत्राचे भाग खिडकीतून लोकांच्या हातात दिले होते. पण तेवढ्यावरून यंत्र या जातीशी आपला घरोबा आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खाली लुंगी, चष्मा कपाळावर आणि खिशात पेनाच्या जागी जुना टूथब्रश. त्या ब्रशने ते गाडीचे प्लग घासायचे. घरात दात घासायचे ब्रश दोन महिन्यांत ‘जुने’ व्हायचे, अशी काकूंची तक्रार होती.

हवा मोजायचा काटा त्यांच्या गळ्यातच असायचा. टायरची हवा ऊन चढायच्या आत, गाडी एक पाऊलही न हलता मोजायची, हा त्यांचा दंडक होता. तो त्यांनी स्वतःपुरता ठेवला असता तर कोणाची हरकत नव्हती. पण दूधवाला, पेपरवाला, माझ्याकडे आलेले पाहुणे, ज्याची गाडी गल्लीत उभी दिसेल त्याच्या टायरला काका काटा लावायचे. कॉलनीतल्या एका लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. उन्हाळ्यात एवढी हवा बरी नाही म्हणून काकांनी चारही चाकांतली थोडी थोडी सोडली. चौथ्या चाकाचा व्हॉल्व्ह काही केल्या बंद होईना. नवरदेव शेवटी एका मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून मंडपात आला आणि काका त्याला म्हणाले, “पाह्य, आता टायर फुटाचा धोका नाही.”

या सगळ्याला आधी छंदापलीकडे महत्त्व नव्हतं. पण एका फोनने त्याला मोहिमेचं रूप दिलं.

काकांना काचबिंदू झाला होता. समोरचं चांगलं दिसायचं, कडेचं दिसणं मात्र हळूहळू कमी होत चाललं होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि त्यांच्या मुलाला, अतुलला, बाजूला घेऊन सांगितलं की बाबांचं गाडी चालवणं आता थांबवा. अतुल पुण्यात नोकरी करतो. तो घरी आला, चहा प्याला, पुण्याला परत गेला, पण वडिलांना हे सांगू शकला नाही. बोरकुट्यांच्या घरात मोठ्या माणसाला तोंडावर ‘तुम्हाला जमत नाही’ म्हणायची पद्धतच नाही. सासूबाईंची भाजी खारट झाली तर ही माणसं मिठाच्या पुडीला नावं ठेवतील. अतुलने तेच केलं. पुण्याहून फोन केला आणि सगळा दोष गाडीवर ढकलला. गाडी जुनी झाली, तिच्यात दम राहिला नाही, पिकअप तर अजिबात नाही, तेव्हा ती विकून टाकू आणि तुम्ही यापुढे टॅक्सी बोलवत जा.

काका फोन ठेवून थेट भिंतीपाशी आले. त्यांचा चेहरा पडला होता.

“अलका, अतुल म्हणते गाडीत दम नाही.”

मला खरं कारण माहीत होतं. अतुलने मलाही फोन करून सांगितलं होतं, का तर शेजारी म्हणून लक्ष ठेवावं. मी दोरीवरचे चिमटे काढू लागले.

“पिकअप नाही म्हणते,” काका पुढे म्हणाले. “पोराले काय कळते त्यातलं? पण म्हणून राहिला तं पाहाच लागन. खर्च नाही कराचा. घरच्या घरी करतो. दिवाळीले येईन तेव्हा दाखवतो त्याले पिकअप.”

झालं. ज्या माणसाला गाडीपासून दूर करायचं होतं, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीच्या पोटात ढकललं.

काकूंना तर हे डॉक्टरांच्या दारातच कळलं होतं. शोभाकाकू तशा कमी बोलणाऱ्या, पण गाडीत बसल्या की रेडिओसारख्या सुरू व्हायच्या. “डावीकडून गाय येऊन राहिली. सायकलवाला. हा हातगाडीवाला थांबला. कुत्रं झोपलं आहे, पाहा.” बाजूची सगळी खबर त्या पुरवायच्या आणि काका समोर बघत गाडी हाकायचे. “हिले रस्त्याचं भारी कौतुक,” ते मला कौतुकाने सांगायचे. “पहिले इतकी बोलत नव्हती.” काकूंना एकटं सोडून काका गाडी काढायला निघाले की काकूंना ताबडतोब भाजी तरी आणायची असे, नाहीतर देवळात तरी जायचं असे.

मोहिमेत पहिला नंबर वजनाचा लागला. एका सकाळी काकांनी गाडीतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. पायपुसण्या गेल्या, जॅक गेला, पाने गेले, डिकीतली स्टेपनी गेली. डॅशबोर्डवरच्या गणपतीवर त्यांची नजर गेली तेव्हा काकूंनी डोळे वटारले आणि गणपती वाचला. मग काकांनी मागची अख्खी सीट उचकटली आणि व्हरांड्यात मांडली. “पाहुण्याले बसाले चांगली आहे,” असं म्हणून त्यांनी मला त्यावर बसवलं आणि चहाही दिला. घरातल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा ती आरामशीर होती, हे मला कबूल करावं लागेल.

दोनच दिवसांनी काकूंच्या भजनी मंडळातल्या बाया नटूनथटून आल्या. जुन्या नागपुरात, महाल भागातल्या एका घरी भजन होतं आणि काका सगळ्यांना सोडणार, हे आधीच ठरलेलं. मागचं दार उघडून पाहतात तो आत नुसता पत्रा आणि त्यावर काकांनी प्रेमाने अंथरलेली सतरंजी.

“भाऊजी, हे मालगाडी केव्हा केली?” एकीने विचारलं.

“बसा ना ताई, मांडी घालून बसा. भजनाले बसताच ना खाली. अन् ते टाळ मागं नका ठेवू, मांडीवर घ्या. मागं ठेवले तं वजन होते.”

“मांडीवर घेतले तर वजन नाही होत का, काका?” मी भिंतीवरून विचारलं.

“ते माणसाचं वजन होते,” काका म्हणाले, “सामानाचं नाही.”

त्या बाया गुडघे हनुवटीला लावून महालापर्यंत गेल्या आणि परत येताना गाडी पंक्चर झाली. स्टेपनी घरी व्हरांड्यात होती. सगळ्या रिक्षाने आल्या. पुढचे कितीतरी दिवस काकूंना मंडळात कोणी पेटीच्या जवळ बसू दिलं नाही.

मग मे महिना आला. मे महिन्यात नागपूरचा माणूस दुसऱ्याला भेटला की तब्येतीच्या आधी कूलरची चौकशी करतो. वाळ्याच्या ताट्या बदलल्या का, मोटर आवाज करते का, टाकीत पाणी कोण भरतं, यावर इथे तास तास बोलणं होतं. अशाच एका दुपारी, कूलरसमोर पाय लांब करून मोबाइल बघताना, काकांना कळलं की इंजिनला थंड हवा मिळाली तर गाडी जास्त जोरात पळते. आता थंड हवा म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या माणसाने काय केलं असतं कोण जाणे. नागपूरच्या माणसाला थंड हवेचा एकच रस्ता ठाऊक. काकांनी इंजिनाला कूलर लावला.

घरच्या कूलरची जुनी वाळ्याची ताटी कापून त्यांनी ती बॉनेटमध्ये, हवा आत जाते तिथे तारेने बांधली. ताटी ओली कशी ठेवायची हा प्रश्न होता. त्यासाठी ओळखीच्या दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आणली, तिच्यात पाणी भरलं आणि नळीसकट आत टांगली. थेंब थेंब पाणी ताटीवर पडायची सोय झाली. मला त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवलं.

“पाह्य वं. गार हवा घेऊन राहिली ते आता. वास पाह्य.”

वास खरोखर छान येत होता. त्या दिवशी मला कळमन्याला जायचं होतं, मी तिथे संत्र्यांच्या एका अडत्याकडे हिशेब लिहिते. माझी स्कूटर बंद होती. काका म्हणाले, चल, सोडतो, हवा कशी लागते तेही पाहून घेशील. पुढे काका-काकू, मागे सतरंजीवर मी. निघालो तेव्हा गाडी लग्नघरासारखी दरवळत होती. पहिला मोठा खड्डा आला आणि सलाइनची नळी निसटली असावी. सगळी बाटली एकदम रिकामी झाली. गाडीने आधी दोन शिंका दिल्या, मग खोकली आणि भर चौकात, ऐन सिग्नलच्या तोंडावर उभी राहिली.

मागे हॉर्नचा गजर. वाहतूक पोलीस आला, त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने शांतपणे विचारलं, “काकाजी, पेशंट कोन आहे इथं?”

गाडी ढकलत इस्माइलभाईंच्या गॅरेजपर्यंत नेली. इस्माइलभाई काकांना पंचवीस वर्षांपासून ओळखतात, त्यामुळे ते दचकले नाहीत. भिजलेला फिल्टर पिळून बाजूला ठेवला, वाळ्याची ताटी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, “काकाजी, कूलर घर में लगाते. इंजिन को काय को?”

“ताटी जाड पडली,” काका म्हणाले. “पुढच्या खेपेले पातळ लावू.”

मी रिक्षा करून कळमना गाठलं. हसू आवरत नव्हतं आणि राग अतुलवर येत होता. एक वाक्य बोलायचं त्याच्या जिवावर आलं, आणि इकडे त्याचा बाप भर उन्हात गाडीला सलाइन लावून राहिला.

पावसाळा सरता सरता मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. काका गाडी फिरवून आले, अंगणात उभी केली आणि सवयीने चारही चाकांना हात लावून पाहू लागले, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मागचं एक चाक चटका बसावा इतकं गरम होतं. बाकीची तीन थंड. ते चाकाजवळ बराच वेळ उकिडवे बसले. मग इस्माइलभाईंना बोलावून आणलं. चाक उघडलं तर आतला ब्रेक चिकटलेला. गाडी कित्येक महिने अर्धा ब्रेक दाबल्यासारखी, फरफटत चालत होती. साफसफाई झाली, एक स्प्रिंग बदलली, आणि त्यानंतर गाडी अशी पळायला लागली की रविवारी आमच्या गल्लीच्या चढावरून काकांनी ती तिसऱ्या गियरमध्ये तीनदा नेऊन दाखवली.

संध्याकाळी ते भिंतीपाशी आले. फिल्टर आणला नव्हता, नुसतेच आले होते.

“अलका, दम होता वं तिच्यात. कोनीतरी पाय धरून ठेवला होता.”

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. गाडी जितकी सुधारत होती तितकं आमचं काम अवघड होत चाललं होतं आणि काकांना त्याचा पत्ताही नव्हता, असं मी तेव्हा धरून चालले होते.

दिवाळीला अतुल आला तो गिऱ्हाईक ठरवूनच. भाऊबीज झाल्यावर त्याने विषय काढला. मी फराळाचं ताट द्यायला गेले होते, तिथेच अडकले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रामटेकचा गड चढून दाखवतो. चौघं बसून. एसी चालू ठेवून. चढली तं गाडी इकाची नाही अन् तिचं नाव पुन्हा काढाचं नाही. नाही चढली तं चावी तुयी.”

अतुल माझ्याकडे पाहू लागला, मी काकूंकडे, काकू चिवड्याकडे. नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. त्याची सगळी तक्रार पिकअपची होती. शेवटी त्याला एवढंच सुचलं, “हायवेवर मी चालवतो, बाबा. तुम्ही गडासाठी ताकद राखून ठेवा.” काकांना हे पटलं.

दुसऱ्या दिवशी मागची सीट पुन्हा बसली, स्टेपनी डिकीत आली आणि चौथी म्हणून मला बसवलं. परीक्षा चोख झाली पाहिजे म्हणून काकांनी जॅक आणि पानेही ठेवले. पायथ्याशी अतुल उतरून मागे माझ्या शेजारी आला आणि काका स्टिअरिंगवर बसले. शर्ट इस्त्रीचा होता. एसी लावला. काकू सुरू झाल्या, “उजवीकडून मोटरसायकल. डावीकडे माकडं बसले आहेत, दोन पिल्लंवाले.”

चढ लागला. गाडीने पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. सगळ्यात उभ्या वळणावर पुढची मोठी गाडी धापा टाकत थांबली, तिच्या मागे आमचीही थांबली. थांबलेली गाडी चढावर उचलणं हीच खरी परीक्षा. अतुलने माझा हात घट्ट धरला, भाऊबीज कालच झाली असली तरी इतक्या जोरात धरायची गरज नव्हती. पुढची गाडी हलली, काकांनी क्लच सोडला आणि आमची गाडी मागे तसूभरही न येता वर निघाली. खरं सांगते, मी टाळी वाजवली. काकूही बोलायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

तेवढ्यात डावीकडून खर्रकन आवाज आला.

काकांनी लगेच गाडी कडेला घेतली. “खालून आवाज आला,” असं म्हणत ते उतरले, इस्त्रीच्या शर्टासकट रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीच्या पोटाखाली बघू लागले. सायलेन्सर हलवून पाहिला. चाकाला हात लावला. “सारं बराबर आहे,” ते खालूनच म्हणाले. “मंग वाजलं काय?”

मागे रस्त्याच्या कडेला एक फुलवाली बाई उभी होती. तिची टोपली उपडी पडली होती आणि झेंडू उतारावरून खाली घरंगळत होता. आमच्या डाव्या आरशात फुलांची एक माळ अडकली होती. बाईला लागलं नव्हतं. ती चालत आली, आडव्या पडलेल्या काकांकडे तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, गाडीखाली काय पाहून राहिले? मी त इकडं उभी होती.”

काका उठले. आरशातली माळ त्यांनी काढली, बाईच्या हातात दिली, मग सगळी टोपलीच विकत घेतली. सांडलेली फुलं आम्ही वेचत होतो तेव्हा ते दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला नेऊन, पुढे मागे करून काहीतरी तपासत होते. हवा मोजताना चेहरा व्हायचा तसाच तेव्हा त्यांचा चेहरा होता. मग ते अतुलजवळ आले आणि चावी त्याच्या समोर धरली.

“बाबा, चढली ना गाडी,” अतुल म्हणाला. त्याला रडू फुटत होतं.

“चढली. तिच्यात काईच खराबी नाही.” काकांनी चावी त्याच्या मुठीत कोंबली. “डाक्टरनं तुले काई सांगितलं होतं?”

अतुलने होकाराची मान हलवली.

“मले वाटूनच राहिलं होतं. तुयी आई काहून एवढी बोलते, असं वाटत होतं. पण तू गाडीचं नाव घेतलं तं मले वाटलं, गाडीचंच असन.” त्यांचा आवाज चढला. “माया डोळ्याचं होतं तं माया डोळ्याचं सांगाचं ना गा. त्या बिचारीले काहून बदनाम केलं इतके दिवस?”

अतुल वडिलांच्या गळ्यात पडला. चढावर गाडी उभी करून काय नाटक चाललं आहे म्हणून मागचे हॉर्न वाजवत होते. गडावरून उतरताना अतुल गाडी चालवत होता आणि काका पुढे बसून, झेंडू मांडीवर घेऊन, त्याला गियर सांगत होते.

गाडी काही विकली गेली नाही. शब्द म्हणजे शब्द. महिनाभर ती अंगणात उभी राहिली. काका तिला रोज पुसायचे, पण रविवारी भिंतीवर आवाज येईना. माझे कपडे दोरीवर बिनधास्त वाळत होते आणि मला ते आवडत नव्हतं. मग एक दिवस काकूंनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कोणाला न विचारता ड्रायव्हिंग क्लास लावला. “इतकी चांगली गाडी म्हणता, तं उभी काहून ठेवाची?” एवढंच त्या म्हणाल्या. क्लासवाल्याने दोनदा हात टेकले. काकूंनी टेकले नाहीत.

परवा माझी स्कूटर पुन्हा बंद पडली आणि काकूंनी मला कळमन्यापर्यंत सोडलं. गाडीच्या मागच्या काचेवर मोठा लाल ‘एल’. काकू दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, मान पुढे काढून बसल्या होत्या, एसी जोरात होता आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये कण्हत होती. काका शेजारी चष्मा नीट लावून बसले होते. अवाक्षर बोलायचं नाही, बोललात तर इथेच उतरवीन, अशी काकूंची अट होती आणि ते ती निष्ठेने पाळत होते. चौक आला. दिवा पिवळा झाला. मागच्या सीटवरून मला काकांचे पाय दिसत होते. काकूंनी ब्रेक दाबला, गाडी हलकेच थांबली, आणि काकांचा उजवा पाय, जो कधीचा खालच्या पत्र्यावर जोर लावून उभा होता, हळूच सैल झाला.